पॅरिस: फ्रॉइडची पाटी आणि झानेची तळटीप

पॅरिसचे पहिले तीन दिवस रांगांत गेले. चौथा दिवस साल्पेत्रिएर या जुन्या रुग्णालयासाठी राखून ठेवला होता. मज्जाविकारतज्ज्ञ शार्को इथे हिस्टेरियाचे रुग्ण दाखवून शिकवायचा.

मेट्रोच्या ५ नंबर लाइनवर सें-मार्सेलला उतरायचं. हे अजून चालू रुग्णालय आहे, आणि शार्कोच्या वर्गाचं ते प्रसिद्ध चित्र इथे नाही. शार्कोची रुग्ण ब्लांश विटमन त्याचा सहायक बाबिन्स्की याच्या हातावर कलंडली आहे, असं ब्रुइयेचं १८८७ चं भलंमोठं चित्र लॅटिन क्वार्टरमध्ये, १२, रू द लेकोल द मेदसीन इथल्या जुन्या वैद्यकीय विद्याशाखेत आहे. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड शार्कोकडे शिकायला आला होता, म्हणून लोक त्यात त्याला शोधतात, पण तो नाही. फेब्रुवारी १८८६ अखेर तो पॅरिस सोडून गेला होता. त्याचा मुक्काम होता ते १०, रू ल गॉफ इथून पायी जाण्याजोगं आहे. तिथे पाटी आहे.

जुन्या आठवणीपर्यंत पोहोचून आजार बरा करण्याची कल्पना आधी कोणाची, असा एक वाद आहे. त्या पाटीखाली मला त्या वादातल्या दुसऱ्या माणसासाठी, फ्रेंच मानसशास्त्रज्ञ झानेसाठी, वाईट वाटलं. त्याच हिवाळ्यात पिएर झाने ल हाव्रला तत्त्वज्ञान शिकवत होता आणि सोबत संमोहनाचे प्रयोग करत होता. त्याच्या १८८९ च्या प्रबंधात मारी आहे. तिला डाव्या डोळ्यानं दिसत नव्हतं. सहा वर्षांची असताना तिला एका मुलाशेजारी जबरदस्तीनं झोपवलं होतं, आणि त्या मुलाच्या डाव्या गालावर खपल्या होत्या. झानेनं संमोहनात तो प्रसंग पुन्हा उभा केला, पण मुलाचा चेहरा स्वच्छ आहे असं तिला पटवलं. दृष्टी परतली.

व्हिएन्नाचा डॉक्टर ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा यावरचा पहिला लेख जानेवारी १८९३ चा. झानेनं आपल्यासारख्याच पद्धतीनं एक मुलगी बरी केली, हे त्यांनी तळटीपेत मान्य केलं आहे. तळटीपेतच!

व्हिएन्नाची बाजूही कच्ची नाही. ब्रॉयरनं ‘आना ओ.’ या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या रुग्णावर उपचार केले ते १८८०-८२ मध्ये. पॅरिसमध्ये ही हकीकत शार्कोला सांगितली, पण त्यानं लक्ष दिलं नाही, असं फ्रॉइडनं १९२५ मध्ये लिहिलं. उपचार मोजले तर ब्रॉयर आधी, छापील शब्द मोजला तर झाने. शिवाय ब्रॉयर रुग्णाला आठवण बोलून मोकळी करायला लावत होता, झाने ती आठवणच बदलत होता. मला या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. म्हणून १९१३ मध्ये लंडनच्या परिषदेत झानेनं, मनोविश्लेषणानं माझ्याच कल्पनांना नवी नावं दिली, असं म्हटलं ते मला अतिशयोक्तीचं वाटतं.

१९३७ मध्ये झानेच्या जावयानं झाने-फ्रॉइड भेटीसाठी फ्रॉइडला पत्र पाठवलं. फ्रॉइडनं भेट नाकारली.