जुन्या जीपचा दुसरा गिअर का सुटतो?

उंच बॉनेटच्या जुन्या महिंद्रा जीपचा गिअर बॉक्स बहुतेक गॅरेजांमध्ये 'आवाज करतो' एवढ्याच तक्रारीवर खाली उतरवला जातो, आणि एकदा तो बाकावर आला की डोळ्यांना जे झिजलेले दिसेल ते बदलून परत चढवला जातो. माझे मत असे आहे की या बॉक्सचे निदान तो गाडीत असतानाच निम्म्याहून अधिक पूर्ण व्हायला हवे. बाकावरचा बॉक्स हाताने फिरवला जातो. त्याच्यावर भार नसतो, आणि झीज बोलते ती भाराखालीच.

माझी जीप सीजे-३बी आहे. विलीज या अमेरिकन कंपनीने १९५३ मध्ये आणलेले हे मॉडेल अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाले. आपल्याकडे मात्र महिंद्राने ते पुढेही बनवले, आणि म्हणूनच त्याचे सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला अजून शोधता येतात. गिअर बॉक्स टी-९० आहे: तीन पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स. पहिल्या गिअरचे प्रमाण २.७९८, दुसऱ्याचे १.५५१ आणि तिसरा थेट. सिंक्रो रिंगा, म्हणजे गिअर घालताना दोन्ही भागांचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा, फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्याला आहेत. पहिला गिअर सरकून दातांत दात घालतो, त्यामुळे चालत्या गाडीत तो घालायचा झाल्यास डबल क्लच (मध्ये न्यूट्रलला थांबून क्लच दोनदा दाबणे) करावाच लागतो. तो करकरला म्हणून बॉक्स खराब झाला असे समजण्याचे कारण नाही.

माझ्या गाडीची तक्रार अशी होती की घाट उतरताना, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की दुसरा गिअर सुटून लिव्हर न्यूट्रलमध्ये येत असे, आणि त्याच्या जोडीला पहिल्या व दुसऱ्या गिअरमध्ये एक जाडसर घरघर होती. चढावर गिअर टिकायचा. या फरकाकडे लक्ष दिले पाहिजे, कारण उतारावर चाके इंजिनाला फिरवतात, तिरप्या दातांवरचा रेटा उलट्या दिशेने येतो, आणि शाफ्टवर किंवा गिअरच्या बाजूला जी काही मोकळी जागा असेल ती त्या क्षणी उघड होते.

मग आवाजाची परीक्षा. गाडी उभी, न्यूट्रल, क्लच सोडलेला: या स्थितीत इंजिनाकडून येणारा इनपुट शाफ्ट आणि खालचा क्लस्टर गिअर (एकाच तुकड्यातली अनेक दातेरी चाके) फिरतात, चाकांकडे जाणारा मुख्य शाफ्ट थांबलेला असतो. इथे घरघर ऐकू आली आणि क्लच दाबताच थांबली, तर दोष इनपुट बेअरिंग, क्लस्टरच्या सुयांच्या बेअरिंगा किंवा मुख्य शाफ्टच्या पुढच्या टोकाचे रोलर यांपैकी कशात तरी आहे. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल, तर आधी क्लच दाबणारे रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलकडचा, इनपुट शाफ्टचे टोक धरणारा बुश पाहावा. त्यासाठी गिअर बॉक्स उघडू नये. यानंतर गाडी चालवून तिसऱ्या गिअरची तुलना करावी. तिसऱ्यात इनपुट आणि मुख्य शाफ्ट एकत्र जखडले जातात, क्लस्टर नुसता फिरतो, त्याच्यावर भार राहत नाही. पहिल्या-दुसऱ्यातली घरघर तिसऱ्यात विरली, तर इनपुट बेअरिंग बहुधा निर्दोष असते आणि संशय क्लस्टरवर किंवा त्या पुढच्या रोलरांवर येतो. माझ्या गाडीत नेमके हेच झाले.

तिसऱ्यात एक वेगळी, बारीक किणकिण उरली होती, आणि ती ट्रान्सफर केसमधून, म्हणजे गिअर बॉक्समागच्या, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतून येत होती. या जीपच्या स्पायसर १८ ट्रान्सफर केसची रचना अशी आहे की गाडी दोन चाकांवर चालो की चार, जोर नेहमी मधल्या इंटरमीजिएट गिअरमधूनच जातो. म्हणजे हा गिअर आयुष्यभर कामावर असतो, आणि त्याच्या सुया शाफ्टमध्ये खोबणी पाडतात. कंपनीनेही पुढे हा शाफ्ट पाऊण इंचावरून सव्वा इंचापर्यंत जाड केला, यावरून दुखणे कुठे होते ते कळते. ट्रान्सफर न्यूट्रलमध्ये टाकून बॉक्स फिरवला तरी हा गिअर फिरतोच. त्या परीक्षेने फक्त त्याच्या पुढचे आउटपुट बेअरिंग वगळता येते.

तेल काढताना ते स्वच्छ भांड्यात घ्यावे आणि उन्हात पाहावे. पिवळसर चकाकी असेल तर सिंक्रो रिंगा किंवा गिअरची लांबीतली हालचाल रोखणारे कांस्याचे थ्रस्ट वॉशर झिजत आहेत. चंदेरी कपचे असतील तर दातांचा किंवा बेअरिंगचा कडक केलेला थर उडतो आहे. पावसाळ्यानंतर तेल दुधाळ निघाले, तर लिव्हरच्या रबरी बुटातून पाणी गेलेले असते. माझ्या तेलात पिवळे भरपूर आणि चंदेरी थोडे होते.

बॉक्स उतरवण्यापूर्वी स्वस्तातल्या शक्यता संपवल्या. वरच्या कव्हरमधल्या डिटेंटच्या, म्हणजे घातलेला गिअर जागेवर धरणाऱ्या, गोळ्या आणि स्प्रिंगा बदलल्या, बेल हाउसिंगचे बोल्ट आणि मागचे माउंटिंग तपासले. गिअर सुटण्याचे प्रमाण कमी झाले, पण दोष गेला नाही.

उतरवण्याचे वर्णन लांबवत नाही. इंजिनाच्या मागच्या बाजूला जॅक द्यावा, कारण त्याचा भार क्रॉस मेंबरवर असतो. गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर एकत्रच खाली घ्यावेत. दोन्ही वेगळे करताना मुख्य शाफ्ट तारेने बांधून ठेवावा, नाहीतर तो ट्रान्सफरबरोबर मागे ओढला जातो. क्लस्टरचा शाफ्ट ठोकून काढण्यापूर्वी लेथवाल्याकडून क्लस्टरच्या लांबीचा, शाफ्टच्या जाडीचा एक खोटा शाफ्ट करून घेणे सर्वांत शहाणपणाचे. त्याने खरा शाफ्ट मागे ढकलत नेला की सुया जागेवर राहतात आणि जमिनीवर विखुरत नाहीत.

आत जे दिसले ते अपेक्षेप्रमाणेच होते. क्लस्टरच्या शाफ्टवर सुयांनी पाडलेले चट्टे नखाला लागत होते. थ्रस्ट वॉशर इतके पातळ झाले होते की क्लस्टरची लांबीतली हालचाल, जी साधारण ०.३० ते ०.४६ मिलिमीटर असावी, फीलर गेजने मोजल्यावर त्याहून बरीच अधिक भरली. दुसऱ्याची सिंक्रो रिंग गिअरच्या शंकूसारख्या भागावर दाबली की थेट गिअरच्या दातांना टेकत होती. तिथे स्पष्ट फट उरली पाहिजे. गिअर शाफ्टला जोडणाऱ्या सरकत्या स्लीव्हच्या आतल्या दातांची टोके गोल झाली होती, आणि तिला सरकवणारा फोर्क एका बाजूने घासला होता. दुसऱ्या गिअरचे मुख्य दात मात्र चांगले होते. आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, गिअर नवा घाला, प्रश्न मिटेल." मी तो घातला नाही. गिअर सुटतो तो दात झिजल्यामुळे क्वचितच; आजूबाजूचा ढिलेपणा त्याला बाहेर ढकलतो, आणि जुन्या शाफ्टवर बसवलेला नवा गिअर जुन्याच वाटेने जातो.

क्लस्टर शाफ्ट, सुया, थ्रस्ट वॉशर, दोन्ही सिंक्रो रिंगा, स्लीव्ह आणि हब जोडीने, फोर्क आणि मुख्य शाफ्टचे पुढचे रोलर बदलले. क्लस्टर शाफ्ट बीडाच्या केसमध्ये जिथे बसतो ते पुढचे भोक किंचित अंडाकृती झाले होते. ही गोष्ट बहुतेक जण पाहत नाहीत. पण भोक मोठे असेल तर शाफ्ट तिरका बसतो, दात एका कडेवर भिडतात आणि तिथून तेलही गळते. ते बोअर करून त्यात बुश बसवला, आणि एकूण खर्चात हाच पैसा मला सर्वांत सार्थकी लागल्यासारखा वाटतो. बाजारातला 'रिकंडिशन' केलेला तयार बॉक्स घेतला असता, तर त्याच्या केसच्या भोकांची हमी कोणीच दिली नसती.

तेल एसएई ९० (हा जाडीचा आकडा), जीएल-४ दर्जाचेच (ही गिअर तेलाची प्रतवारी) घातले. जीएल-५ अधिक महाग असले तरी त्यातली रसायने पितळी रिंगांना मानवतातच असे नाही. गिअर बॉक्स आणि ट्रान्सफर यांच्यामधले सील गेले असेल तर तेल एकातून दुसऱ्यात जाते, म्हणून थोडे चालवून दोन्हींची पातळी पुन्हा पाहिली. गाडी आता उतारावर दुसऱ्यात टिकते आणि घरघर गेली आहे. तिसऱ्यातली किणकिण आहेच, कारण इंटरमीजिएट गिअर मी बदललेला नाही; दात जुळणारा चांगला गिअर मिळाला की तो ट्रान्सफरच्या तळाचे कव्हर काढून, गिअर बॉक्स न उतरवता, शाफ्ट आणि सुयांसकट बदलता येईल.