मोठं मन, लहान मन

मंगळवार, रात्री पावणेबारा

जीआरई, म्हणजे परदेशात पुढचं शिक्षण घेण्यासाठी द्यायची प्रवेश परीक्षा, तिच्या आजच्या सराव चाचणीत प्युसिलॅनिमस हा इंग्रजी शब्द चुकला. गेले तीन आठवडे तो माझ्या वहीत आहे, समोर 'भित्रा' असा अर्थही लिहिलेला आहे. तरी चुकला. का चुकला ते झोपण्याआधी लिहून काढते, नाहीतर उद्या फक्त लाल फुली तेवढी लक्षात राहील.

सुरुवात मॅग्नॅनिमसपासून झाली. लॅटिनमध्ये मॅग्नस म्हणजे मोठा आणि अ‍ॅनिमस म्हणजे मन. मोठ्या मनाचा! हरलेल्याला न हिणवणारा, जुना राग पोटात न ठेवणारा. लहानपणापासून कानावर असलेलाच शब्द कुणीतरी वेगळ्या कपड्यांत समोर आणून उभा करावा, तसं वाटलं. त्याचं पाठांतराचं कार्ड करायचीही गरज पडली नाही. मग प्युसिलॅनिमस आला. प्युसिलस म्हणजे अगदी लहान. म्हणजे हा त्याचा उलटा, कोत्या मनाचा, असं मी धरून चालले. वहीत 'भित्रा' होतं, डोक्यात 'कोता' जाऊन बसला.

आजचं वाक्य एका सेनापतीचं होतं. शत्रू थकलेला, वाट मोकळी, तरी याचा पाय पुढे पडत नाही. सहा पर्यायांतून असे दोन शब्द निवडायचे, की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ तोच राहील. टिमरस, म्हणजे घाबरट, मला लगेच सापडला. दुसरा शोधताना प्युसिलॅनिमसवर नजर गेली आणि मी तो सोडून दिला, कारण या माणसात कोतेपणा कुठे होता? तो तर घाबरला होता. या प्रश्नप्रकारात एक बरोबर आणि एक चूक याला अर्धा गुणही नसतो.

आता कळतंय. इंग्रजीत लहान मन म्हणजे धीर नसलेलं मन. मराठीत लहान मन म्हणजे दुसऱ्याचं चांगलं न बघवणारं. मोठ्या मनापर्यंत दोन्ही भाषा एका वाटेने आल्या आणि लहान मनापाशी फुटल्या.

म्हणून मराठीतून शिकणं सोडायचं का? संध्याकाळभर हाच विचार करत होते. नाही सोडणार. एनर्व्हेट मला मराठीनेच वाचवला. कानाला तो एनर्जीचा भाऊ वाटतो, जोम आणणारा. अर्थ नेमका उलटा: मुळात स्नायूच काढून घेणं. 'अवसान गळणे' हे शेजारी लिहिलं त्या दिवसापासून तो परत चुकलेला नाही. इग्नॉमिनीच्या पोटात तर नाव हाच शब्द आहे. लॅटिन नोमेन आणि आपलं नाम एकाच मुळाचे. इग्नॉमिनी म्हणजे नाव जाणं, चारचौघांत बेअब्रू होणं. 'घराण्याचं नाव घालवलंस' हे वाक्य ज्याने ऐकलंय, त्याला हा शब्द पाठ करावा लागत नाही.

आणि फ्रूगल-पार्सिमोनियस. दोघांचाही अर्थ यादीत 'कमी खर्च करणारा'. पण काटकसरी म्हटलं की माणूस सुखावतो आणि कंजूष म्हटलं की भांडायला उठतो. ही जाण मला आधीपासून आहे, ती फक्त इंग्रजी शब्दापर्यंत न्यायची आहे. शब्दात कौतुक आहे की टोमणा, तो माणसाला लावतात की हवेला, रागाने म्हणतात की मायेने, हे यादी सांगत नाही. परीक्षा मात्र तेच विचारते. जीआरईतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दांच्या जोड्या 2011 साली गेल्या. आता शब्द वाक्याच्या आतच विचारतात. शाब्दिक विभागाचे 27 प्रश्न, 41 मिनिटं, त्यातही उतारे. वही आठवत बसायला वेळच नसतो.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 साली विस्मरणावरचे प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हा स्वतःवरच प्रयोग करताना त्याने मुद्दाम निरर्थक अक्षरसमूह पाठ केले होते. मी रोज रात्री तीस शब्द अर्थांसकट घोकत होते, तेव्हा माझ्यासाठी तेही जवळजवळ निरर्थकच होते. सकाळी निम्मे गेलेले असायचे आणि मी स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत राहायचे. फार दिवस दिला.

आजपासून कार्डाच्या मागे अर्थ एका ओळीत, त्याखाली माझं स्वतःचं वाक्य, आणि त्याखाली हा शब्द कुणाला लावता येणार नाही ते. ही तिसरी ओळ लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. सँग्विनला वीस मिनिटं गेली. मूळ रक्ताचं. शरीरात रक्ताचा जोर असला की माणूस लालबुंद आणि आनंदी राहतो, अशी जुन्या वैद्यांची समजूत होती, म्हणून सँग्विन म्हणजे आशावादी. त्याच रक्ताचा सँग्विनरी मात्र रक्तपाताचा. दोघांची कार्डं एकमेकांना टाचणीने लावून ठेवली.

प्युसिलॅनिमसच्या तिसऱ्या ओळीत लिहिलं: 'मैत्रिणीच्या यशाने जळणारीला नाही.'

अकरा कार्डं झाली. बारावं रेस्टिव्ह. ऐकायला विश्रांतीसारखा, अर्थाने लगाम न मानणाऱ्या घोड्यासारखा. वाक्य अजून सुचत नाहीये. कार्ड उशाशी ठेवते.