फोटो क्रमांक ११८: तीन गाड्या आणि एक खिसा

मागच्या नोंदीला अडीच महिने झाले. तेवढ्यात डब्यातले ४३ फोटो स्कॅन झाले आणि त्यातल्या १९ फोटोंचं साल पक्कं ठरलं. बाकीचे अजून 'बहुधा' लिहिलेल्या पाकिटात आहेत. पण खरा वेळ खाल्ला तो एकाच फोटोनं, म्हणून आज त्याच्याबद्दलच सविस्तर लिहिते.

नव्यानं सामील झालेल्यांसाठी थोडक्यात. लॅम्बोर्गिनीच्या सांतागाता बोलोन्येझे इथल्या कारखान्यात सुरुवातीच्या दहा वर्षांत काढलेले फोटो मी जमवते. कंपनी १९६३ ची. मोदेना आणि बोलोन्या यांच्या मधलं हे गाव. ट्रॅक्टरवर पैसा कमावलेल्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनीनं तिथे शेतांच्या मधोमध कारखाना उभा केला. फेरारीचेही फोटो सुंदर आहेत, पण माझा जीव इथेच अडकला. कारखाना लहान, त्यामुळे एकाच फ्रेममध्ये दोन-तीन मॉडेलं शेजारी-शेजारी उभी सापडतात. फोटोचं साल काढायला याहून चांगला पुरावा नाही.

तर ११८. कृष्णधवल, १८ बाय २४ सेंटिमीटर, कडांना जुन्या ब्रोमाइडला, म्हणजे डार्करूममध्ये छापलेल्या फोटोच्या कागदाला, येते तशी चंदेरी-निळसर झाक. पुढे लॅम्बोर्गिनीची मिउरा उभी आहे, मागचं अख्खं झाकण उघडून वर केलेलं, आणि एक मेकॅनिक इंजिनात कोपरापर्यंत हात घालून वाकलाय. मिउराचं ३.९ लिटरचं व्ही-१२ इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलेलं असतं, तेव्हा त्याला बाजूनं असंच वाकावं लागणार. फोटोच्या पाठीवर पेन्सिलीनं '१९६७'. विकणाऱ्यानं सोबत लिहून दिलं होतं की ही उजव्या स्टिअरिंगची दुर्मीळ मिउरा आहे, इंग्लंडसाठी बनलेली. स्टिअरिंग खरंच उजवीकडे दिसत होतं. कोपऱ्यातल्या पिंपावर पुसट अक्षरं होती, ती मी 'ऑइल' अशी वाचली आणि तेही इंग्लंडच्या खात्यात जमा केलं. इटालियन कारखान्यातल्या पिंपावर इंग्रजी कशाला असेल, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

आमच्या गल्लीत पूर्वी फोटो स्टुडिओ चालवणारे एक काका आहेत. चाळीस वर्षं डार्करूममध्ये काढलेली. कागद ओळखायला मी त्यांच्याकडे जाते. हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) नीट धुतला गेला नसेल तर डाग कसे पडतात, हे मला त्यांनीच शिकवलं. ११८ त्यांच्या हातात दिला. त्यांनी गाडीकडे पाहिलंच नाही. भिंगातून मागे उभ्या असलेल्या दोन कामगारांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "याचा खिसा बघ गं."

मी पाहिलं. डगल्याचा छातीवरचा खिसा उजव्या बाजूला होता. शेजारच्याचाही तसाच.

"पुरुषाच्या शर्टाचा खिसा कुठे असतो? आता बटणपट्टी बघ. घड्याळ बघ कुठल्या हातात आहे ते. निगेटिव्ह उलटी लावलीय एन्लार्जरमध्ये, फोटो मोठा करायच्या यंत्रात."

घरी येऊन स्कॅन आडवा उलटवला. खिसे डावीकडे आले, घड्याळ डाव्या मनगटावर गेलं, स्टिअरिंग डावीकडे आलं, आणि पिंपावर स्वच्छ 'ओलिओ' उमटलं. तेलाला इटालियनमध्ये ओलिओ म्हणतात. मी ज्याला 'ऑइल' समजत होते, ती त्याच शब्दाची आरशातली अक्षरं होती. उजव्या स्टिअरिंगच्या मिउरा बनल्या होत्या हे खरं, पण ही त्यातली नव्हे. त्या रात्री मी डब्यातल्या प्रत्येक फोटोतले खिसे तपासले. आणखी दोन उलटे निघाले.

एक दावा गेल्यावर साहजिकच दुसऱ्यावर, म्हणजे '१९६७'वर, नजर गेली. १२०० डीपीआयला स्कॅन करून मागचा अंधारा भाग उजळवला, तर मिउराच्या पलीकडे एका गाडीचं शेपूट दिसलं. मागच्या मोठ्या काचेखाली आणखी एक उभी काच. म्हणजे एस्पाडा, लॅम्बोर्गिनीचीच दुसरी गाडी. एवढ्या लांब, चार माणसांच्या गाडीत मागचं दिसावं म्हणून ती काच दिलेली आहे. एस्पाडा लोकांसमोर आली १९६८ च्या मार्चमध्ये, जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये. नमुन्याची एखादी गाडी आधी असू शकते, म्हणून मी एवढ्यावर थांबले नाही.

एस्पाडाच्या बाजूला एका गाडीचं नाक होतं. साधं, कोनदार, दिवे झाकलेले. सुरुवातीला मी तिला लॅम्बोर्गिनीची आधीची ४०० जीटी म्हणून सोडून दिलं होतं, पण ४०० जीटीचे चार गोल दिवे उघडे असतात. ही इस्लेरो. तीही १९६८ च्या जिनिव्हा शोमधलीच. तिची बॉडी मारात्सी या बॉडी बनवणाऱ्यांकडे बनायची. १९७० मध्ये यारामा या नव्या मॉडेलनं तिची जागा घेतली.

राहिली खुद्द मिउरा. दिव्यांभोवती त्या प्रसिद्ध पापण्यांसारख्या पट्ट्या आहेत, म्हणजे मिउराची नंतरची आवृत्ती, १९७१ ची एसव्ही, नाही. (दिवे मुळात फियाट ८५० स्पायडरचे. फियाट म्हटलं की आपल्याला कुर्ल्यात बनलेली टॅक्सी आठवते, आणि जगातली सगळ्यात देखणी गाडी त्याच घराण्याचे दिवे लावून फिरत होती, याचा मला दर वेळी आनंद होतो.) दिव्यांच्या आणि खिडक्यांच्या कडा मात्र चकचकीत आहेत. मिउराच्या पहिल्या आवृत्तीला, पी-४०० ला, त्या काळ्या असायच्या, क्रोम आलं ते मिउरा एसबरोबर, आणि एस दाखवली गेली १९६८ च्या नोव्हेंबरमध्ये तुरीनला. तेव्हा माझा निकाल: १९६८ ची अखेर ते १९७० ची सुरुवात. पेन्सिलीतलं १९६७ कुठल्याच बाजूनं बसत नाही.

हे लिहिताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मिउरा हे झुंजीचे बैल पाळणाऱ्या स्पॅनिश घराण्याचं नाव. त्याच घराण्याच्या इस्लेरो नावाच्या बैलानं १९४७ मध्ये मानोलेते या बैलझुंजीतल्या नामवंत खेळाडूचा जीव घेतला. आणि एस्पाडा म्हणजे त्या आखाड्यातली तलवार. तिघंही एका छपराखाली, तेलाच्या पिंपाशेजारी उभे आहेत. फोटो काढणाऱ्यानं मुद्दाम जुळवून आणलं असेल असं वाटत नाही, म्हणूनच मला तो जास्त आवडतो.

आता एक कटू अनुभव. १९६५ च्या तुरीन शोमधली मिउराच्या उघड्या चासीचा फोटो मला फार दिवसांपासून हवा होता. बॉडी नाही, नुसता काळा सांगाडा, ०.८ मिलिमीटरच्या पत्र्याचा, वजन कमी करायला भोकंच भोकं पाडलेली, आणि मागे चार पांढरे सायलेन्सर पाइप. तेव्हा ती बनवणारे इंजिनिअर दाल्लारा आणि स्तानझानी तिशीच्याही आत होते. नंतर या सांगाड्यावर बॉडी चढवणारा, बेर्तोने या डिझाइन कंपनीचा गांदिनी २७ वर्षांचा. 'मूळ प्रेस फोटो' म्हणून मी चांगले पैसे मोजले. भिंगाखाली धरला तर सगळीकडे छपाईचे ठिपके. मासिकातलं पान कापून जाड कागदावर चिकटवलेलं होतं. विकणाऱ्यानं परत घ्यायला नकार दिला. तेव्हा कृपा करून पैसे देण्याआधी कोपऱ्याचा एक अगदी जवळून काढलेला फोटो मागाच. खऱ्या ब्रोमाइडमध्ये दाणे दिसतात, ठिपक्यांच्या रांगा नाहीत.

मिउरानंतरच्या कुंटाशचे सहा फोटो आलेत, त्यांना अजून हात लावलेला नाही. वरवर पाहता दोनांत छपरावरची पेरिस्कोपची (मागचं दिसावं म्हणून दिलेल्या आरशाची) खाच दिसते, म्हणजे कुंटाशच्या पहिल्या आवृत्तीतल्या, सुरुवातीच्या एलपी ४०० असाव्यात.

कुणाकडे सांतागाताचा असा फोटो असेल ज्यात 'ओलिओ' लिहिलेलं पिंप दिसतंय, तर जरूर पाठवा. एकाच रोलमधली पुढची-मागची फ्रेम मिळाली तर दीड वर्षाचा हा पट्टा आणखी आवळता येईल. माणसांची नावं मात्र चेहऱ्यावरून लावू नका. लॅम्बोर्गिनीचा चाचणी-चालक बॉब वॉलेस कुठल्याही उंच माणसात दिसायला लागतो, मी या मोहात पडलेली आहे.

११८ आता नव्या, आम्लविरहित पाकिटात आहे. पाकिटावर लिहिलंय: 'मिउरा एस, एस्पाडा, इस्लेरो. १९६८ अखेर ते १९७० सुरुवात. प्रिंट उलटी.' पाठीवरचं पेन्सिलीचं १९६७ मी खोडलेलं नाही.