बाह्या नसलेला स्वेटर

स्वेटरला बाह्या नसल्या म्हणजे निम्मे काम वाचले, असे न विणणाऱ्यांना वाटते आणि नव्याने शिकणाऱ्यांनाही तसेच सांगितले जाते. लोकर कमी लागते आणि दिवस वाचतात, हे खरेच आहे. पण तो स्वेटर अंगाबरोबर बसणारा हवा असेल, तर वाचलेले सगळे कष्ट मुंढ्यापाशी, म्हणजे हात बाहेर काढायच्या भोकापाशी, व्याजासकट वसूल होतात. बाही असली की मुंढ्याची वेडीवाकडी कड शिवणीत दडते. बाही नसली की ती चारचौघांत उघडी पडते.

पुण्याच्या हवेला मात्र हाच स्वेटर मानवतो. १७ जानेवारी १९३५ रोजी इथे पारा १.७ अंशांपर्यंत उतरल्याची नोंद असली, तरी एरवीची थंडी पहाटे बोचणारी आणि अकराच्या उन्हात पार पळून जाणारी. पर्वती चढणाऱ्या आजोबांना आणि साडीखाली बूट घालून तळजाईला फेऱ्या मारणाऱ्या काकूंना छाती-पाठ उबदार आणि हात मोकळे हवे असतात. थंडीत सारसबागेतल्या गणपतीलाही स्वेटर आणि कानटोपी घालतात. बाप्पा मापाबद्दल काही बोलत नाहीत. पुण्यातल्या माणसांची तशी खात्री देता येत नाही.

तुळशीबागेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर ‘लोकर’ म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले पुष्कळसे ॲक्रिलिक असते. ते टिकाऊ आणि धुवायला सोपे असते, म्हणून त्याला नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र खरी लोकर ओली करून, मापात ओढून, टाचण्या लावून वाळवली की आकार धरते, तसे ॲक्रिलिक धरत नाही. म्हणजेच त्यात जो आकार हवा, तो सुयांवरच आला पाहिजे. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीला उत्तम. अंगाला बिलगणाऱ्या स्वेटरसाठी ती फार भरड पडते.

मापाचा सगळा खेळ आधी विणून पाहायच्या नमुन्याच्या चौकोनी तुकड्यावर ठरतो, आणि नेमका तोच विणायचा सर्वांना कंटाळा असतो. चार पदरी लोकरीत दहा नंबरच्या सुयांवर चार इंचांत २८ टाके बसत असतील, तर ३६ इंच छातीला २५२ टाके लागतात. हात थोडा सैल असला आणि त्याच चार इंचांत २६ टाकेच बसले, तर तेवढ्याच टाक्यांचा स्वेटर जवळजवळ ३९ इंचांचा होतो. दोन टाक्यांचा फरक तुकड्यात डोळ्यांना दिसतही नाही; अंगावर मात्र स्वेटर सरळ ढगळ दिसतो. (नंबर वाढला की सुई बारीक होते, हा उलटा हिशेब एकदा डोक्यात बसवून घ्यावा: दहा नंबर म्हणजे ३.२५ मिलिमीटर आणि खालच्या पट्टीसाठीची बारा नंबरची सुई २.७५ मिलिमीटर.)

कंबर ३२ इंच हवी असेल, तर एकूण २८ टाके कमी करावे लागतात, म्हणजे पुढच्या आणि मागच्या भागाच्या प्रत्येक कडेला सात. तेच सात कमरेच्या वर दर सहा सुयांनी (इथे सुई म्हणजे विणीची एक ओळ) एकेक करून परत वाढवले, की साधारण पावणेपाच इंचांत छातीचे माप येते. इथवर काम निमूटपणे पुढे सरकते.

मुंढ्याला आधी काही टाके एकदम बंद करायचे आणि मग एकाआड एक सुईला कडेचा एकेक कमी करायचा, हे सगळ्यांना ठाऊक असते. बिनबाह्यांच्या स्वेटरमध्ये नजरेतून सुटते ते मुंढ्याच्या कडेने शेवटी विणायच्या पट्टीचे माप. खांद्याची तयार रुंदी १४ इंच हवी आणि मुंढ्याची पट्टी पाऊण इंचाची असेल, तर विणताना खांदे साडेबारा इंचच ठेवायचे असतात. नाहीतर पट्टी दंडावर उतरते आणि मापाचा स्वेटर मागून घेतल्यासारखा दिसतो. टाके कमी करतानाही, सुलट बाजू समोर असताना, उजव्या कडेला दोन टाके मागच्या बाजूने सुई घालून एकत्र विणावेत आणि डाव्या कडेला साधे एकत्र विणावेत, म्हणजे दोन्ही कडा एकमेकींकडे झुकतात. कडेचे दोन टाके सोडून आत कमी केले, तर ती तिरपी रेघ इतकी देखणी दिसते की वेगळी नक्षी घालावीशीही वाटत नाही.

शेवटी पट्टीसाठी टाके उचलायचे, म्हणजे मुंढ्याच्या कडेतून नवे टाके सुईवर घ्यायचे. टाका उंचीपेक्षा रुंद असल्यामुळे मुंढ्याच्या उभ्या भागात चार सुयांमागे तीनच टाके उचलावे लागतात. चारही उचलले तर पट्टीला झालर सुटते, दोनच उचलले तर मुंढा आखडतो. तळाशी, जिथे टाके बंद केलेले असतात, तिथे मात्र एकास एक उचलावा. मग बारा नंबरच्या सुयांवर एक सुलट, एक उलट अशी पाऊण इंच पट्टी विणावी आणि टाके बंद करताना उजव्या हातात दहा नंबरची सुई घ्यावी, म्हणजे जाड शर्टावरून हात घालताना कड काखेत काचत नाही.