पुढचा नंबर तुमचाच!

गाण्याची भीती कशी घालवावी यावर बोलणारे सगळे स्टेजवरच्या चार-पाच मिनिटांबद्दल बोलतात. त्याआधी बाजूच्या खोलीत बसून काढावे लागतात त्या तासांबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. माझं घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं.

कार्यक्रमाआधीचं सगळं रीतसर पार पडलं. गाणं निवडलं, पाठ केलं, घरच्यांना बळजबरीने ऐकवलं. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकणं तेवढं जड गेलं. एरवी आपला आवाज आपल्याला हवेतून तर येतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही येतो, म्हणून तो भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांतला भाग गळतो आणि उरतो तो आवाज परक्या बाईचा वाटतो. रोज थोडं थोडं ऐकत गेलं की कान सरावतो. एवढंच.

आता त्या खोलीविषयी.

वेळ दिलेली असते संध्याकाळी पाचची, 'वेळेवर हजर राहावे' हे ठळक अक्षरांत. तुम्ही सव्वाचारलाच हजर, घरून गळा गरम करून. दारावर नावांची यादी चिकटवलेली असते, तिच्यात पेनाने केलेले बाण, खाडाखोड, कुणाचं तरी नाव मध्येच घुसवलेलं. गळ्यात बॅज अडकवलेला एक मुलगा अधूनमधून डोकावतो आणि म्हणतो, "ताई, तयार राहा, पुढचा नंबर तुमचाच." तुम्ही उठता, ओढणी सावरता, छाती धडधडायला लागते. मग तो येतो आणि म्हणतो, "जरा थांबा हं, पाहुणे आलेत, आधी सत्कार." परत बसा. पुन्हा "तुमचाच". पुन्हा कुणाला तरी घरी लवकर जायचंय म्हणून मध्ये घेतलेलं. विचारायला गेलं की उत्तर तयार: "झालंच, दोन मिनिटं." या दोन मिनिटांचा मला आजही राग येतो.

आयोजकांच्या लक्षात येत नाही की प्रत्येक हाकेला शरीर खरोखरच तयारीला लागतं. ॲड्रेनालिन वाढतं, तोंड कोरडं पडतं, श्वास पोटातून वर छातीत येऊन बसतो. मानेचे स्नायू ताठरतात आणि त्यांच्याबरोबर स्वरयंत्रही वर ओढलं जातं. मग वरचे सूर पातळ होतात, थरथरतात. हा चढउतार तीन-चारदा झाला की खरी हाक येईपर्यंत माणूस गळून गेलेला असतो. गरम केलेला गळा म्हणजे काही थर्मास नव्हे, तासन्‌तास तसाच राहायला. त्यात भिंतीपलीकडून कुणीतरी तुमचंच गाणं गात असतं, आणि चांगलं गात असतं.

यावर मी जे शोधून काढलं ते असं. एक तर त्या मुलावर विश्वास ठेवायचा सोडला. यादी जिच्या हातात असते त्या व्यक्तीला गाठून सांगायचं, "माझ्या आधी दोघं उरले की मला बोलवा, त्याआधी नको." आणि स्वतः उठून बघायचं की आत्ता कोण गातंय. दोघं उरेपर्यंत तुम्ही गायिका नाही, तुम्ही फक्त वाट बघणारी बाई आहात. मोबाइल बघा, कोडं सोडवा, पण ते गाणं मनातसुद्धा म्हणू नका. त्या खोलीत म्हटलेलं गाणं हमखास शेवटच्या ओळीवर अडखळतं आणि तो अडखळा मग स्टेजपर्यंत सोबत येतो.

दोघं उरले की पर्समधून स्ट्रॉ काढायची. हसू नका. स्ट्रॉ ओठांत घट्ट धरून तिच्यातून 'ऊ' असा आवाज काढत खालून वर, वरून खाली फिरवायचा. ओठांशी वाट अरुंद झाल्यामुळे आतला हवेचा दाब स्वरतंतूंना उलट आधार देतो, ते कमी श्रमात हलतात. शिवाय आवाज इतका बारीक येतो की शेजारच्या खुर्चीवरच्यालाही त्रास होत नाही. स्ट्रॉ नसेल तर ओठ फुरफुरवा, नाहीतर तोंड मिटून गुणगुणा. सोबत श्वास घेताना चारपर्यंत मोजायचं आणि सोडताना आठपर्यंत. सोडण्याचा वेळ लांबवला की धडधड उतरते, हे मी नाडीवर बोट ठेवून पाहिलंय.

पाण्याचं सांगायचं राहिलं. ऐनवेळी घटाघटा प्यायलेलं पाणी स्वरतंतूंना लागत नाही, ते अन्ननलिकेतून खाली जातं. घसा ओला वाटतो एवढंच, आणि नेमकी हाक आली की बाथरूम शोधावं लागतं. प्यायचं ते सकाळपासून.

"शांत हो, शांत हो" म्हणणाऱ्या नातेवाइकांना मात्र घरीच ठेवा. धडधडणारं हृदय हुकमावर शांत होत नाही. २०१४ साली हार्वर्डच्या एका संशोधिकेचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात गाण्याआधी काहींना "मी घाबरलेय" म्हणायला लावलं, काहींना "मला भारी उत्साह वाटतोय". उत्साहवाले जास्त सुरात गायले. मला हे आधी थिल्लर वाटलं होतं, पण धडधड दोन्हीकडे सारखीच असते हे पटतं, मग तिला बरं नाव का देऊ नये? आणि भीती फक्त नवख्यांना वाटते असं समजू नका. नावाजलेल्या अमेरिकन गायिका बार्बरा स्ट्रायसँड १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात गाताना शब्द विसरल्या आणि त्या धसक्याने पंचवीसहून अधिक वर्षं तिकिटाच्या मैफलींपासून जवळपास लांबच राहिल्या.

शब्दांवरून आठवलं. गाणं नेहमी पहिल्या ओळीपासून पाठ केलं की मध्ये तुटलं तर धागा सापडत नाही. ओळींच्या चिठ्ठ्या करा, कुठलीही उचला आणि तिथून पुढे म्हणा.

आणि पट्टी, म्हणजे पेटीच्या कुठल्या सुराला 'सा' धरून गायचं ते. घरी काळी पाचमध्ये (पेटीची पाचवी काळी) छान लागणारा वरचा सूर तिथे लागत नव्हता, म्हणून गाणं काळी चारवर आणलं. एक पूर्ण स्वर खाली. काहींना हा कमीपणा वाटतो. मला तरी ऐकणाऱ्यांपैकी कुणी "पट्टी कुठली होती?" असं विचारलेलं नाही.

स्टेजवर काय झालं ते थोडक्यात. हात थरथरत होता, म्हणून माइक स्टँडवरच ठेवला. हातात घ्यायचाच असेल तर दांड्याला धरा. जाळीभोवती मूठ आवळली की आवाज घुमा होतो आणि शिट्टी वाजते. पहिल्या ओळीला मला माझाच आवाज ऐकू येईना. अशा वेळी माणूस नकळत ओरडून गायला लागतो, गोंगाटात आपोआप आवाज चढतो तसंच. पहिल्या आलापानंतर ध्वनीवाल्याकडे बघून बोट वर केलं, त्याने मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, वाढवला आणि दुसऱ्या कडव्यापासून मी गात होते. चांगलं गात होते, हे मीच सांगते.

एक राहिलं. त्या रात्री रेकॉर्डिंग ऐकू नका. कितीही मोह झाला, कुणी लगेच फोनवर पाठवलं, तरी नाही. त्या रात्री फक्त चुकाच ऐकू येतात. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर, वही घेऊन बसा आणि पहिल्या फेरीत फक्त जमलेल्या जागा लिहा.