भिंतीवरचा जिराफ

दांडियाबाजारातील आमच्या घरी नातीची उंची मोजण्यासाठी भिंतीवर एक कागदी जिराफ चिकटवलेला आहे. गेल्या रविवारी पेन्सिलीची नवी खूण करताना तिने विचारले, की खऱ्या जिराफाचे पिल्लू केवढे असते. सुमारे सहा फूट, म्हणजे जन्मतःच आजोबांपेक्षा उंच, हे ऐकून तिला बहुधा माझी कीव आली.

त्या प्रश्नामुळे मी वाचू लागलो. माणसाच्या मानेत असतात तेवढेच, म्हणजे सातच मणके जिराफाच्या मानेत असतात; फक्त त्याचा एकेक मणका वीतभराहून लांब असतो. फारसीत त्याला ‘शुतुर-गाव-पलंग’, म्हणजे उंट, बैल आणि बिबट्या, असे नाव आहे. (‘पलंग’ ऐकून नात बराच वेळ हसत होती.)

खेळण्यांत, पाटी-दप्तरांवर तो इतका दिसतो की आफ्रिकेतही तो विपुल असणार, असे मीही धरून चाललो होतो. प्रत्यक्षात 1985 च्या सुमारास दीड लाखाहून अधिक असलेले जिराफ 2015 पर्यंत लाखाच्या खाली आले, आणि 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्यांना ‘असुरक्षित’ ठरवले. शेतीसाठी तोडलेली झाडी, चोरटी शिकार आणि यादवी युद्धे ही त्याची कारणे. हत्ती-गेंड्यांची चर्चा होत राहिली आणि जिराफ मुकाट्याने घटत गेले.

नायजर देशाची हकीकत मात्र मला विशेष वाटते. 1990 च्या दशकाच्या मध्यास पश्चिम आफ्रिकी जिराफ अवघे 49 उरले होते, आणि तेही अभयारण्यात नव्हे, तर कुरे परिसरातील गावांच्या शेताशिवारात. ते चवळी आणि आंबे खातात. नीलगाईने उभे पीक तुडवलेला आपल्याकडचा शेतकरी यावर काय म्हणेल, ते सांगायला नको. तरीही शिकारीवर कडक बंदी, गावकऱ्यांना छोटी कर्जे आणि वाटाड्यांना पर्यटकांकडून मिळणारी कमाई यांमुळे तेथे माणसे आणि जिराफ एकत्र नांदले. आज ती संख्या 600 च्या पुढे गेली आहे. म्हणूनच वर्गणी द्यायची तर जिराफाच्या नुसत्या कौतुकापेक्षा त्याच्या शेजाऱ्याची झीज भरून काढणाऱ्या कामाला द्यावी, असे माझे मत झाले आहे.

2018 मध्ये तेथील आठ जिराफ ट्रकमधून सुमारे 800 किलोमीटर दूर, गादाबेजी येथे नेऊन सोडले. तेथून ते जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी नाहीसे झाले होते. ट्रकमध्ये त्यांच्या माना कशा मावल्या, हा नातीचा पुढचा प्रश्न होता. छत उघडे ठेवले होते, असे सांगितल्यावर तिचे समाधान झाले.