ओकिनावाचं चुराउमी मत्स्यालय: पाच वाजेपर्यंत थांबाच

जपानमधल्या ओकिनावाच्या नाहा विमानतळावरून ११७ नंबरच्या बसमध्ये बसलो तेव्हा आईने विचारलं, "मासे बघायला एवढं लांब?" लांब आहे खरं. बसने अडीच-तीन तास लागतात. ओकिनावा बेटाच्या उत्तर भागात, मोतोबूला हे मत्स्यालय आहे. तिथल्या बोलीत 'चुरा' म्हणजे सुंदर, 'उमी' म्हणजे समुद्र. १९७५ साली इथे समुद्रावरचं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच जागी झालेल्या उद्यानात नोव्हेंबर २००२ मध्ये आजची इमारत सुरू झाली.

आत शिरल्यावर आपण मजला-मजला उतरत जातो आणि समुद्रही तसाच खोल होत जातो: आधी प्रवाळ, मग मोकळा समुद्र, शेवटी अंधारातले खोल पाण्यातले जीव. प्रवाळाच्या टाकीवर छप्पर नाही. वरून खरं ऊन पडतं, पाणीही समुद्रातूनच येतं, म्हणून तिथे जिवंत प्रवाळ वाढतं. ही टाकी दुपारच्या उन्हात बघा. ढग आला की रंग उतरतात, हे आम्ही दोनदा अनुभवलं.

आणि मग कुरोशिओची टाकी. कुरोशिओ म्हणजे जपानजवळून वाहणारा मोठा समुद्रप्रवाह. ७,५०० घनमीटर पाणी, समोर ८.२ मीटर उंच, २२.५ मीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर जाड अॅक्रिलिकची भिंत. आकडे मी आधी वाचले होते, पण व्हेल शार्क डोक्यावरून सरकला तेव्हा एकही आठवला नाही. आई खाली पायरीवर बसली ती अर्धा तास उठलीच नाही. इथल्या नर व्हेल शार्कचं नाव जिंता. लांबी पावणेनऊ मीटरच्या आसपास, आणि १९९५ पासून तो माणसांच्या देखरेखीत आहे. एवढ्या जिवाला ही टाकीही लहानच, असं मला तिथे उभं राहून वाटलं आणि अजून वाटतं. पण हाच मासा आपल्या सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर २००१ मध्ये कायद्याचं संरक्षण मिळेपर्यंत सर्रास मारला जायचा, तेही आठवलं. मांटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेले मोठे चपटे मासे, याच टाकीत आहेत. मत्स्यालयात मांटाचं पिल्लू जन्मण्याची जगातली पहिली घटना २००७ साली इथेच घडली.

बहुतेक जण चक्कर मारून तासाभरात निघतात. तसं करू नका. व्हेल शार्कला दुपारी तीन आणि संध्याकाळी पाचला खायला घालतात (त्या दिवसाची वेळ दारावर तपासा). तेव्हा तो अवाढव्य मासा पाण्यात चक्क उभा राहतो आणि तोंड उघडून पाण्यासकट खाणं ओढून घेतो. तीनला आम्हाला माणसांची डोकीच जास्त दिसली. पाचला सहलीच्या बसगाड्या गेलेल्या असतात. त्याच दिवशी पुन्हा आत येता येतं, तेव्हा तिकीट जपून ठेवा आणि मधल्या वेळात बाहेर पडा. डॉल्फिनचे खेळ, कासवं आणि मॅनाटी (पाण्यात राहणारा मोठा सस्तन प्राणी) बघायला वेगळं तिकीट लागत नाही. फक्त संध्याकाळच जमत असेल, तर चारनंतरचं तिकीट स्वस्त असतं, पण मग प्रवाळाच्या टाकीवरचं ऊन हुकतं.

शाकाहारी असाल तर खाणं बरोबर ठेवा. ओकिनावा सोबा या तिथल्या नूडल्सचं पाणी डुकराच्या हाडांचं आणि सुक्या माशाचं असतं. आम्ही पुण्याहून नेलेल्या दशम्या बाहेरच्या बाकावर, समोरचं इएजिमा बेट बघत खाल्ल्या. उद्यानात चढउतार बराच आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर विजेच्या गाडीचे थोडे पैसे जरूर खर्च करा, आईच्या गुडघ्यांना तिचाच आधार झाला.

जुलै ते सप्टेंबर हा वादळांचा काळ. टायफून जवळ आला की मत्स्यालय बंद राहू शकतं, म्हणून हातात एक दिवस जास्तीचा ठेवा. आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरल्या उतरल्याच थांब्यावर बघून घ्या. पाचचं खाऊ घालणं बघून थांब्यापर्यंत चढ चढायला आम्हाला वीस मिनिटं लागली.